हगाम्यातली हरवलेली नावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठच्या घाटावर गाव लोटतो. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठची दशक्रिया म्हणजे एक सभाच असते. प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, पावणेरावळे बोलतात. बहुतेक भाषणं एकसारखी असतात. पण गेलेला माणूस उमेदीच्या काळात पैलवान असेल, तर मागच्या रांगेतून एखादा म्हातारा काठी टेकत पुढे येतो. माईक कसा धरायचा हेही त्याला ठाऊक नसतं. तो म्हणतो, "मी याची कुस्ती बघितलेली हाय." आणि मग पुढची पाच मिनिटं तो कुस्तीच सांगतो. समोरचा कोण होता, खडाखडी किती वेळ चालली, पट कुणी काढला, ढाक कशी लागली आणि लोकांनी फेटे कसे उडवले.

अशी भाषणं मी बरीच ऐकली आहेत. माझं असं मत झालं आहे, की आपल्याकडच्या कुस्तीचा खरा इतिहास या घाटांवर सांगितला जातो आणि तिथंच वाऱ्यावर जातो. तो कुणी लिहून घेत नाही. आज मला बोलायचं आहे ते याविषयी.

श्रोत्यांपैकी जे शहरात वाढले त्यांच्यासाठी हगामा म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्याकडे कुस्त्यांच्या आखाड्याला हगामा म्हणतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी, छबिना, रात्री तमाशा, सकाळी हजेरी आणि दुपारी ऊन कलल्यावर हगामा, असा जत्रेचा ठरलेला क्रम. ओतूरला कपर्दिकेश्वराची यात्रा श्रावणातल्या सोमवारी भरते. देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहायला रांगा लागतात आणि दुपारी माणसांचा लोंढा आखाड्याकडे वळतो. मुंबईला गेलेली आमच्याकडची मंडळी या दिवसांत हटकून गावी येतात. मुंबईचे डबेवाले बहुतांश मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. एप्रिलमध्ये ते चार-पाच दिवस डबे बंद ठेवून गावच्या जत्रेला जातात, हे आता साऱ्या मुंबईला ठाऊक झालेलं आहे.

हगाम्याची सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या. पंच फेटे बांधून रिंगणात फिरतात, जोड लावतात. हलगी आणि ढोल चालूच असतो. वजनकाटा नसतो. दोन पैलवानांना शेजारी उभं करायचं, खांद्याला खांदा लावून पाहायचं आणि लोकांनी "जमली, जमली" म्हणायचं. शेवटची कुस्ती मानाची. तिचं इनाम सगळ्यात मोठं, आणि तिच्यासाठी बाहेरचा नामांकित पैलवान आणलेला असतो.

हा पैलवान म्हणजे आपल्या खेड्यातला पहिला व्यावसायिक खेळाडू. त्याच्या खेळाला पैसे मिळत आणि त्या पैशावर त्याचा खुराक चाले. दूध, तूप, बदाम आणि थंडाई फुकट येत नाही. पूर्वी संस्थानिक पैलवान पोसत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, त्यामुळे साऱ्या देशातले मल्ल कोल्हापूरला येऊ लागले. संस्थानं गेल्यावर ती जबाबदारी जत्रांवर आली. पैलवान चैत्रापासून गावोगाव फिरायचा आणि चार महिन्यांच्या इनामावर वर्षाची मेहनत करायचा. तिशी-पस्तिशी उलटली, गुडघा किंवा खांदा गेला, की हा व्यवसाय संपला. मग शेती, नाहीतर मुंबईत हमाली, नाहीतर कुठं तरी वॉचमनची नोकरी. खाण्याची सवय पैलवानाची आणि मिळकत मजुराची, अशा ओढाताणीत पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची.

या मातीतून जे वर आले त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबा परतले तेव्हा लोकांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली.

त्यांच्या मागोमागची पिढीही मोठी. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी दोन पदकं मिळवली. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि १९६४ साली हिंदकेसरीची गदा उचलली. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक विजेते.

ही सगळी माणसं आता गेली. खाशाबा १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. मारुती माने २०१० साली, बिराजदार २०११ साली, आंदळकर २०१८ साली, चौगुले २०१९ साली आणि खंचनाळे २०२० च्या डिसेंबरात. प्रत्येक वेळी तालमी एक दिवस बंद राहिल्या, वर्तमानपत्रांत लेख आले, जुने फोटो छापले गेले. आमच्याकडच्या तालमींत मारुतीच्या तसबिरीशेजारी यांचे फोटो लावलेले असत, कधी कॅलेंडरमधून कापलेले, कधी वर्तमानपत्रातले. त्यांच्यापैकी एखाद्याला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस गावात असला, तर त्याला जन्मभर त्याचा मान मिळे.

मोठ्यांच्या बाबतीतही आपण किती उशीर करतो हे खाशाबांकडे पाहून कळतं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, जाऊन पंधरा वर्षं उलटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. योगायोग असा, की हीच १५ जानेवारी आमच्या नारायणगावच्या विठाबाईंची पुण्यतिथी. त्या २००२ साली गेल्या. विठाबाईंच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. जत्रेच्या रात्रीची राणी आणि जत्रेच्या दुपारचा राजा, दोघांच्याही वाट्याला खरा मान आला तो मागाहून.

पण मला आज काळजी वाटते ती या मोठ्या नावांची नाही. ती पुस्तकांत गेली आहेत, ती टिकतील. काळजी आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पैलवानांची. जे कधी महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत गेले नाहीत, पण ज्यांच्यासाठी पाच-पाच कोसांवरून लोक बैलगाडीनं यायचे, त्यांची.

माझे एक चुलते भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाल होते. जन्मात त्यांनी लंगोट लावला नाही, पण कुस्तीचं वेड असं, की जत्रेसाठी पगार बुडवून गावी यायचे. त्यांना चाळीस-पन्नास पैलवानांच्या कुस्त्या तोंडपाठ होत्या. अमक्याचा घिस्सा, तमक्याची एकलांगी, अशी प्रत्येक पैलवानाची ओळख त्यांच्या लेखी डावावरून. ते गेले आणि त्या चाळीस-पन्नास माणसांची आमच्या घरातली आठवण त्यांच्याबरोबर गेली. मग मी आमच्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांतल्या जत्रेच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या पाहिल्या. म्हटलं, इनाम दिलं तर नाव लिहिलंच असेल. वर्गणी देणाऱ्यांची नावं होती, अगदी सव्वा रुपया देणाऱ्याचंसुद्धा. तमाशाच्या सुपारीची नोंद होती, मांडववाल्याचं नाव होतं, गॅसबत्त्यांचं भाडं होतं. कुस्त्यांच्या पानावर मात्र "शेवटची कुस्ती, इनाम" एवढंच, आणि पुढे रक्कम. एका वर्षी "पाहुणा पैलवान" असं लिहिलेलं सापडलं. कोण पाहुणा, कुठला, जिंकला की हरला, काही नाही. हिशोब ठेवणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला पैसा कुठं गेला ते सांगायचं होतं. आणि पैलवानाचं नाव तर त्या वर्षी साऱ्या गावाला ठाऊकच होतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी लिहीत नाही, आणि म्हणून तेच आधी हरवतं.

खरं तर जुन्नरला हे शिकवायला नको. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याचे आकडे कोरलेले आहेत. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या वर तिचं नाव होतं. मूर्ती केव्हाच नष्ट झाल्या, नावं मात्र दोन हजार वर्षांनंतर आजही वाचता येतात. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतही तेच. तिथं राजेच नाहीत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, चिट, चंद, इरिल अशा नावांचे यवन आहेत. कुणी पाण्याचं टाकं खोदून दिलं, कुणी भोजनमंडप दिला. एका टाक्यापुरतं का होईना, त्यांचं नाव राहिलं.

परदेशातलं एक उदाहरण इथं सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा घराघरात पोचलेला आहे. तिथल्या शौकिनांनी एक काम चिकाटीनं केलं. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत जो एकदा मैदानात उतरला, त्याचं नाव, सामन्याची तारीख आणि त्यानं काय केलं याची नोंद त्यांनी जपली. कूपर्सटाउन या गावी १९३९ सालापासून मोठ्या खेळाडूंचं स्मारक-संग्रहालय आहे. त्याच गावी १९७१ साली हौशी संशोधकांनी एक संस्थाही काढली, आणि असे लोक जुनी वर्तमानपत्रं चाळून विस्मरणात गेलेल्या खेळाडूंच्या कुंडल्या जमवत असतात.

त्यांच्यात आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाच्या खेळाडूची गोष्ट प्रसिद्ध आहे. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्कच्या संघाकडून एकच सामना खेळला, तोही अखेरीस थोडा वेळ. त्याच्यावर फलंदाजीची पाळीसुद्धा आली नाही. पुढे तो मिनेसोटातल्या एका खाणगावात डॉक्टर झाला आणि १९६५ साली वारला. पण नोंदवहीत त्याची एक ओळ होती. ती एका कादंबरीकाराच्या नजरेला पडली. त्यानं १९८२ च्या आपल्या कादंबरीत ग्रॅहमला आणलं, तिच्यावर १९८९ साली सिनेमा निघाला आणि तो डॉक्टर जगभर ओळखीचा झाला. एका ओळीवरून एवढं झालं. आमच्या हगाम्यांत वीस-वीस वर्षं मैदान गाजवलेल्या पैलवानाची एक ओळसुद्धा सापडू नये, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे. पळवणकर बाळू हे पुण्याच्या क्लबात खेळपट्टी राखायच्या नोकरीत होते. गोऱ्या साहेबांना सराव देता देता ते देशातले अव्वल डावखुरे गोलंदाज झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना चहासुद्धा वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. १९५५ साली ते वारले आणि पुढच्या पिढ्यांना त्यांचं नाव जवळजवळ परकं झालं. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली आपल्या पुस्तकात त्यांची कहाणी सविस्तर मांडली तेव्हा लोक पुन्हा बाळूंविषयी बोलू लागले. हे शक्य झालं, कारण क्रिकेटचे धावफलक होते, वर्तमानपत्रांत सामन्यांचे वृत्तान्त होते. कुस्तीच्या बाबतीत उद्याच्या संशोधकानं शोधायचं ठरवलं तरी तो कुठं शोधणार?

एक गंमत पाहा. आमच्याच भागात बैलगाडा शर्यतीला घड्याळ असतं. गाडा घाटात किती सेकंदांत चढला ते लाउडस्पीकरवर पुकारलं जातं, मालकाचं नाव पुकारलं जातं, फळीफोड कोण, घाटाचा राजा कोण, ते जाहीर होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या सशर्त पुन्हा सुरू झाल्या. मधली वर्षं घाट ओस होते, पण गाजलेल्या बैलांची नावं लोक विसरले नाहीत. लाडका बैल गेला तर त्याची दशक्रिया घालणारे, फोटोला हार घालून फ्लेक्स लावणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. त्यात मला काही वावगं वाटत नाही, मुक्या जनावराची ती कदर आहे. पण बैलाची वेळ सेकंदात नोंदवणाऱ्या गावाला माणसाची कुस्ती लिहिता येऊ नये का?

यावर कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांच्या आठवणींवर इतिहास कसा लिहायचा? शंका रास्त आहे. बरोबरीत सोडवलेली कुस्ती दोन गावांत दोन निकालांनी सांगितलेली मी ऐकली आहे. एका गावात त्यांचा पैलवान जिंकता जिंकता पंचांनी सोडवली, दुसऱ्या गावात त्यांचा. वेळेचंही तसंच. वीस मिनिटांची कुस्ती सांगता सांगता दोन तासांची होते आणि पैलवानाचं वजन दर वर्षी पाच किलोनं वाढतं. पण ऐकता ऐकता माझ्या एक लक्षात आलं. हे शौकीन आकड्यांत चुकतात, डावात सहसा चुकत नाहीत. समोरच्यानं पट काढला की पुठ्ठी मारली, माती कुठल्या अंगाला लागली, पंच कोण होता आणि भांडण कशावरून झालं, या गोष्टी दोन्ही गावांतले म्हातारे सारख्याच सांगतात. दोन साक्षी शेजारी ठेवल्या की चाळणी आपोआप लागते. इतिहास लिहिणाराही कागदपत्रांशी याहून वेगळं काय करतो?

ही आठवण कशाची असते तेही पाहण्यासारखं आहे. घाटावर बोलणारा म्हातारा गेलेल्या पैलवानाच्या इनामाविषयी बोलत नाही. तो सांगतो, की हरल्यावर यानं जिंकणाऱ्याच्या अंगाची माती पुसली. किंवा पंचांनी निकाल याच्या बाजूनं दिला तेव्हा "पाठ लागलेली नाही" असं यानं स्वतःच सांगितलं. हिंदू-मुसलमान, वरच्या आळीचा-खालच्या आळीचा, हे सगळं त्या रिंगणात कसं बाजूला पडायचं तेही तो सांगतो. त्या पैलवानाच्या नातवंडांनी आजोबांना पाहिलेलं असतं ते गुडघे धरून ओट्यावर बसलेलं. फुगलेले कान कशामुळे, हेही त्यांना माहीत नसतं. आपला आजोबा कोण होता ते त्यांना त्या दहाव्या दिवशी पहिल्यांदा कळतं, तेही मागच्या रांगेतला तो म्हातारा आला तर.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे आमच्याकडच्या जत्रा भरल्या नाहीत. हगामे झाले नाहीत. त्या काळात जी जुनी माणसं गेली त्यांच्या दशक्रियेला मोजकी माणसं जमू शकली. भाषणं झाली नाहीत. पैलवानही गेले आणि त्यांच्या कुस्त्या सांगणारे शौकीनही गेले. जत्रा पुढे सुरू झाल्या, आखाडे भरू लागले, आता मुलींच्याही कुस्त्या लागतात आणि लोक त्यांना मोठ्या मनानं इनामं लावतात, हे फार चांगलं झालं. पण मधल्या खंडात जे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून माझी विनंती साधी आहे. त्यासाठी ना स्मारक बांधायला हवं, ना सरकारी अनुदान. जत्रा कमिटीनं जमाखर्चाच्या वहीत चार पानं कुस्त्यांसाठी ठेवावीत. जोड कुणाची, गाव कुठलं, वस्ताद कोण, निकाल काय, डाव कोणता. एका कुस्तीला एक ओळ. इनामाची रक्कम लिहितोच आहोत, तिच्या अलीकडे नाव लिहायचं एवढंच. तालमीतले जुने फोटो उतरवावेत आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहावीत, कारण फोटोतला माणूस ओळखणारे गावात आता दोन-तीनच उरलेले असतात. शाळेतल्या मुलांना सुट्टीत एक काम द्यावं. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडे जायचं, त्यानं पाहिलेली एक कुस्ती ऐकायची आणि त्याच्याच शब्दांत उतरवायची. हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आवाज साठवता येतो. दशक्रियेला कीर्तनकाराचं प्रवचन आपण रेकॉर्ड करतोच. मागच्या रांगेतून कुणी काठी टेकत पुढे आला, तर तेवढ्यात फोन बंद करू नये.